चिठ्ठी, नाका आणि सीटी : सीमाभागातल्या वाचकांचे प्रश्न

सीमेवरच्या तालुक्याचा मोठा दवाखाना बहुतेक वेळा पलीकडच्या राज्यात असतो. दोडामार्ग-सावंतवाडीचा माणूस गोव्यातल्या बांबोळीला जातो, चंदगडचा बेळगावला, तलासरीचा वापीला, सिरोंचाचा गोदावरी ओलांडून तेलंगणात. कर्नाटकातल्या अथणी-रायबागचा माणूस तसाच मिरजेला येतो. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत नाके बंद झाले आणि या सवयीच्या वाटा एका रात्रीत तुटल्या. त्या दिवसांबद्दल आणि पुढच्या साथीच्या तयारीबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. उत्तरे क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांनी आणि तंत्रज्ञांनी दिली आहेत. रुग्ण समोर असेल तेव्हा अर्थातच त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचा शब्द आधी.

प्रश्न : टाळेबंदीत वडील सकाळी उठले तेव्हा तोंड वाकडे झालेले आणि उजवा हात लुळा. सीटीची सोय पलीकडच्या राज्यात. नाक्यावर कोणते कागद लागतील हे चौकशी करण्यातच दुपार झाली. पुन्हा अशी वेळ आली तर काय तयार ठेवावे? (शिक्षक, दोडामार्ग तालुका)

पक्षाघातात घड्याळ आधी, कागद मागून. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हे साडेचार तास रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला झोपताना ठीक होता आणि सकाळी सहाला हात लुळा दिसला, तर वेळ दहापासून धरायची. पण तेवढ्यावरून ‘वेळ गेली’ असे घरी ठरवू नका. मोठ्या केंद्रात एमआरआय किंवा विशेष सीटी काढून अशा रुग्णांचाही विचार होतो.

सीटी का लागतो हेही समजून घ्या. गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात. रक्तस्राव असताना ते इंजेक्शन दिले तर जीव जाऊ शकतो. सीटी त्या दोन्हींत फरक दाखवतो. म्हणून सीटीआधी घरच्या घरी ॲस्पिरिनची गोळी देऊ नका आणि गिळता येते की नाही हे कळेपर्यंत पाणीही पाजू नका.

आता कागद. नाक्यावर अडकतात ते बहुतेक ‘पुढील तपासणीसाठी पाठवत आहे’ अशा एका ओळीच्या चिठ्ठीमुळे. त्या ओळीतून पोलिसाला घाई कळत नाही आणि पलीकडच्या डॉक्टरांनाही काही कळत नाही. चिठ्ठीत एवढे हवेच : नाव, वय; शेवटचे बरे दिसल्याची वेळ; कोणती बाजू कमजोर; रक्तदाब आणि रक्तातली साखर; कोणती तपासणी हवी आणि ती इथे उपलब्ध नाही हे स्पष्ट वाक्य; पलीकडे कोणत्या विभागाशी किती वाजता बोलणे झाले; ताप, खोकला, ऑक्सिजनचा आकडा आणि अँटिजेन चाचणी केली असेल तर तिचा निकाल; शेवटी सही, शिक्का, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि उचलला जाणारा फोन नंबर. चिठ्ठी इंग्रजीत लिहावी, कारण नाक्यावरचा माणूस कन्नड, तेलुगू किंवा गुजराती वाचणारा असू शकतो. तिच्या दोन प्रती काढा आणि फोनमध्ये फोटोही ठेवा. निघण्याआधी पलीकडे फोन करून एकच प्रश्न विचारा : ‘सीटी मशीन या घडीला चालू आहे का?’ एसी बंद पडला किंवा ट्यूब गेली म्हणून मशीन बंद असते आणि ते तिथे पोचल्यावर कळते, असे साथीच्या काळात फार घडते.

कायद्याच्या बाजूने केंद्रीय गृह मंत्रालयाने ११ मे २०२० रोजी राज्यांना लेखी कळवले होते की डॉक्टर, परिचारिका, इतर वैद्यकीय कर्मचारी आणि रुग्णवाहिका यांची ये-जा, राज्याराज्यांतलीसुद्धा, अडवू नये. त्याआधीचा, केरळ-कर्नाटक सीमेवरच्या तलपाडी नाक्याचा दाखला आणखी महत्त्वाचा. केरळच्या कासरगोड जिल्ह्यातले लोक उपचाराला सुमारे ५० किलोमीटरवरच्या मंगळूरला जातात. मार्च २०२० मध्ये कर्नाटकाने मातीचे ढीग टाकून रस्ते बंद केले. मंगळूरला पोचता न आल्याने रुग्ण दगावल्याची तक्रार केरळ उच्च न्यायालयात गेली आणि १ एप्रिलला न्यायालयाने अडथळे काढण्याचा अंतरिम आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ एप्रिलला केंद्राने तिथे सांगितले की तातडीच्या रुग्णांना सोडण्याचे निकष दोन्ही राज्यांनी मिळून ठरवले आहेत. वाट खुली झाली ती नाक्यावर कोणत्या रुग्णाला, कोणत्या कागदावर सोडायचे हे लेखी ठरल्यानंतर.

प्रश्न : मिस्टरांचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला होता. त्यात ‘को-रॅड्स ५’ आणि ‘स्कोअर ७/२५’ असे दोन आकडे होते. पाच म्हणजे शेवटची पायरी समजून आम्ही रातोरात बेळगावला बेड शोधत फिरलो. नेमका कोणता आकडा बघायचा? (गृहिणी, चंदगड)

दोन्ही आकडे वेगळ्या गोष्टी सांगतात आणि ही गल्लत अनेक घरांत झाली. को-रॅड्स ही पद्धत २०२० मध्ये नेदरलँड्सच्या रेडिऑलॉजिस्टनी बसवली. चित्र कोविडसारखे दिसते का, एवढाच संशय ती १ ते ५ मध्ये मोजते. पाच म्हणजे संशय दाट. फुप्फुस किती बाधित आहे याच्याशी त्या पाचाचा संबंध नाही.

दुसरा आकडा व्याप्तीचा. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. प्रत्येक खंडाला ० ते ५ गुण : ५ टक्क्यांहून कमी भाग बाधित असेल तर १, २५ टक्क्यांपर्यंत २, ५० पर्यंत ३, ७५ पर्यंत ४, त्यापुढे ५. तुमच्या घरचे सात म्हणजे समजा दोन खंडांत दोन-दोन आणि उरलेल्या तिन्हींत एक-एक. हा सौम्य गटातला स्कोअर झाला. डोळ्याने अंदाज घेऊन दिलेले गुण असल्यामुळे दोन डॉक्टरांत एक-दोन गुणांचा फरक पडतोच. सहाचे सात झाले म्हणून आजार वाढला असे नसते.

बेड शोधायचा की नाही हे यातल्या कोणत्याच आकड्याने ठरत नाही. ते ऑक्सिमीटर ठरवतो. पाच मिनिटे शांत बसा, हात गार असेल तर चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, मधले बोट घाला आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ९४ किंवा जास्त असेल आणि धाप नसेल तर घरात सहा मिनिटे सलग चालून पुन्हा पाहा. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्तने उतरला तर डॉक्टरांना लगेच कळवा. बसल्या जागी ९० च्या खाली असेल तर सीटीच्या रांगेत उभे राहू नका, आधी ऑक्सिजन. गडद त्वचेवर हे यंत्र आकडा थोडा चढा दाखवू शकते, म्हणून ९४-९५ वर अडलेला माणूस दमलेला दिसत असेल तर यंत्रापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

सीटी कधी काढला हेही बघायला हवे. चीनमधल्या १२१ रुग्णांच्या एका अभ्यासात लक्षणे सुरू झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत सीटी काढलेल्यांपैकी ५६ टक्के जणांचा सीटी साफ होता. ताप आला त्याच दिवशी नाका ओलांडून सीटी काढणे म्हणजे बऱ्याचदा पैसे खर्चून खोटा दिलासा विकत घेणे.

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक मोबाईल एक्स-रे मशीन आणि सीआर कॅसेट (फिल्मऐवजी यंत्रात वाचल्या जाणाऱ्या प्लेटच्या) आहेत. सीटीसाठी लांब पाठवता येत नव्हते, म्हणून सगळा भार छातीच्या एक्स-रेवर. पण रिपोर्ट देणारे डॉक्टर ‘वाचण्याजोगी फिल्म नाही’ असे कळवत. चुकत कुठे असेल? (एक्स-रे तंत्रज्ञ, जत तालुका)

या पत्राला सविस्तर उत्तर देतो. सीमाभागात साथीच्या काळात खरे काम हीच फिल्म करते.

पहिली चूक बसण्याची. आडव्या रुग्णात छाती-पोटामधला श्वासाचा पडदा वर सरकतो, फुप्फुस आखूड दिसते आणि छातीतले पाणी मागे पसरून सगळी बाजू धुरकट दिसते. पाठ टेकवून जितके उठवून बसवता येईल तितके बसवा. अंतर किमान १०० सेंटिमीटर ठेवा, जमल्यास १२० च्या पुढे. उभ्याने पाठीकडून घेतलेल्या नेहमीच्या फिल्ममध्ये ते १८० असते. पुढून आणि जवळून घेतल्याने हृदय मोठे दिसते. म्हणून फिल्मवर ‘एपी, बसून’ किंवा ‘एपी, आडवा’ (एपी म्हणजे किरण पुढून मागे) असे न चुकता लिहा. नाहीतर वाचणारा हृदय सुजल्याचे लिहून मोकळा होतो.

दुसरी चूक श्वासाची. मिनिटाला तीस श्वास घेणारा माणूस ‘धरून ठेवा’ म्हटले तरी धरू शकत नाही. त्याच्या तोंडाकडे बघू नका, मास्क असतो. पोटाकडे बघा आणि पोट पूर्ण वर आले की बटण दाबा. वेळ कमीत कमी हवा : १०० एमएवर (ट्यूबमधला विद्युतप्रवाह) ३ एमएएस (प्रवाह गुणिले सेकंद) म्हणजे ०.०३ सेकंद. तेच ३० एमएवर दिले तर ०.१ सेकंद होतो आणि फुप्फुसाच्या रेषा पुसट होतात. पडद्याच्या वर पुढच्या सहा किंवा मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या तर श्वास पुरेसा आहे.

तिसरी चूक ग्रिडची, म्हणजे विखुरलेले किरण अडवणाऱ्या जाळीची, आणि ही सगळ्यात फसवी. मऊ गादीवर ग्रिड लावलेली कॅसेट एका बाजूला कलते. मग फिल्मची एक बाजू पांढुरकी येते आणि तिथे न्यूमोनिया असल्यासारखे वाटते. बारीक आणि मध्यम बांध्याच्या माणसाला ग्रिड काढून ७५ ते ८५ केव्ही (ट्यूबला दिलेला विजेचा दाब) पुरेसे होतात. ग्रिडशिवाय ९० च्या वर गेलात तर विखुरलेल्या किरणांनी फिल्म धुरकटते. गादी मऊच असेल तर कॅसेटखाली एक ताठ फळी सरकवा.

वळलेला रुग्ण ओळखायची खूण : दोन्ही हंसळीच्या हाडांची आतली टोके मणक्याच्या मधल्या टोकापासून सारख्या अंतरावर दिसायला हवीत. कोपरे पुढे घेतली की खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला होतात. मंगळसूत्र, ताईत, ईसीजीच्या वायरी, मास्कमधली नाकावरची तार क्षेत्राबाहेर न्या. वेणी पाठीवर राहिली तर वरच्या टोकाला डागासारखी उमटते. ती डोक्यावर बांधा. ऑक्सिजनची नळी काढू नका, फक्त बाजूला वळवा.

चौथी चूक सीआरची. प्लेटवरचे चित्र बसून राहिले की विरत जाते. आठ तासांत सुमारे पाव भाग हरवतो. सकाळी वॉर्डात काढलेल्या दहा कॅसेट संध्याकाळी एकदम वाचायला लावू नका. उलट, आदल्या दिवसापासून न वापरलेली प्लेट सकाळी एकदा पुसून घ्या, तिच्यावर आपोआप धूसरपणा साचलेला असतो.

पाचवी गोष्ट वीज. लांब, बारीक एक्स्टेंशन वायरवर मशीन लावले की बटण दाबताक्षणी विजेचा दाब उतरतो, केव्ही खाली येतो आणि फिल्म फिकी येते. तंत्रज्ञ मग एमएएस वाढवत जातो. वायर बदला, १५ अँपिअरचा अर्थिंग असलेला सॉकेट वॉर्डात बसवून घ्या. हे काम एका वायरमनचे आणि एका दिवसाचे असते, पण साथ आल्यावर होत नाही.

संसर्ग टाळायला दोघे लागतात. एक रुग्णाला हात लावतो, दुसरा फक्त मशीनला. कॅसेट दोन प्लास्टिक पिशव्यांत घालायची. पिशवीची गाठ आणि चिकटपट्टी छातीच्या भागात येऊ द्यायची नाही. फोटो झाला की रुग्णाजवळचा माणूस बाहेरची पिशवी उघडून धरतो आणि दुसरा आतली पिशवी तिला न शिवता उचलतो. ती ७० टक्के अल्कोहोलच्या फडक्याने पुसून मगच कॅसेट बाहेर काढायची. कॅसेटवर थेट फवारणी करू नका. सांध्यातून द्रव आत शिरला की प्लेटवर कायमचे डाग पडतात. ॲप्रन दोघांनी घालायचा, दोन मीटर मागे उभे राहायचे आणि किरण शेजारच्या खाटेकडे वळवायचे नाहीत.

प्रश्न : सीटी स्कॅन दहा मिनिटांचा असतो म्हणतात. मग सेंटरवर पाच-पाच तास का बसवून ठेवत? (विद्यार्थी, उमरगा)

छातीचा स्कॅन प्रत्यक्षात काही सेकंदांचा असतो. वेळ जातो खोलीची हवा बदलायला आणि पुसायला. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने मार्च २०२० मध्ये संशयित रुग्णानंतर खोलीसाठी अर्धा ते एक तास धरायला सांगितले होते. त्यामागचे गणित हवेच्या फेऱ्यांचे आहे. हवेत तरंगणारे कण ९९ टक्के कमी व्हायला तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत २३ मिनिटे लागतात, ६ वेळा बदलणाऱ्या खोलीत ४६, आणि २ वेळा बदलणाऱ्या खोलीत २ तास १८ मिनिटे. साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. खिडकी नसलेल्या जुन्या सीटी रूममध्ये म्हणूनच खोळंबा होतो. बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवला तर रांग निम्मी होऊ शकते.

पुसण्याबद्दल एक गोष्ट सेंटरचालकांसाठी : फरशीला १ टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे ५ टक्क्यांचे द्रावण असेल तर एक भाग त्यात चार भाग पाणी, १० टक्क्यांचे असेल तर नऊ भाग. दहा मिनिटे ओले राहू द्या. धातूचे भाग आणि पॅनेल मात्र अल्कोहोलच्या फडक्याने पुसायचे. गॅन्ट्रीवर (मशीनच्या गोल चौकटीवर) फवारा मारून मशीन आठवडाभर बंद पडले तर अख्ख्या तालुक्याचा सीटी गेला.

प्रश्न : रुग्ण पाठवता येत नसेल तर फिल्मचा फोटो पाठवून मोठ्या डॉक्टरांचे मत घेता येईल का? (सरपंच, अक्कलकुवा तालुका)

येईल, पण एक्स-रेचा. सीटीच्या फिल्मचा फोटो जवळजवळ निरुपयोगी असतो. तीनशेच्या वर काप (शरीराच्या पातळ छेदांची चित्रे) असलेल्या तपासणीतले निवडक काप टिकलीएवढ्या आकारात त्या फिल्मवर छापलेले असतात. सीटीचे मत हवे असेल तर मूळ डायकॉम फाइल (मशीनमधून निघालेली संगणकीय चित्रे) मागा. १ मिलिमीटर जाडीचा एक काप साधारण अर्धा एमबी, तीनशे काप म्हणजे १५० एमबी. सेकंदाला २ मेगाबिट अपलोड मिळत असेल तर दहा मिनिटांत जाते. चित्राची प्रत न बिघडवता फाइल दाबून लहान करून पाठवली तर त्याहून लवकर. गावात तेवढेही नेटवर्क नसेल तर सीडी किंवा पेनड्राइव्ह घेऊन माणूस तालुक्याला पाठवा आणि रुग्णाला घरीच राहू द्या. पाठवताना कापांची संख्या कळवा. दुसऱ्या टोकाला ३१२ च्या जागी १४० पोचले तर अर्धे फुप्फुस वाचलेलेच नाही हे लगेच कळते.

एक्स-रेचा फोटो काढायची पद्धत : फिल्म व्ह्यू-बॉक्सवर लावा, तो नसेल तर लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करून त्यावर धरा. खोलीतला दिवा आणि फोनचा फ्लॅश बंद. फोन फिल्मला समांतर, तिरपा नको. आधी चारही कडा दिसतील असा एक, मग उजवी आणि डावी बाजू वेगळी. डावी-उजवीचा शिक्का दिसायलाच हवा. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो. सोबत वय, आजाराचा कितवा दिवस आणि ऑक्सिजनचा आकडा लिहा. त्याशिवाय मिळालेले मत अर्धवट असते. गावच्या ग्रुपवर हे काही टाकू नका. फिल्मवर माणसाचे नाव असते.

प्रश्न : टाळेबंदीत आमच्या भागातल्या गरोदर बायांच्या सोनोग्राफी चुकल्या. सगळ्याच तितक्या गरजेच्या असतात का? आणि छोटे मशीन गाडीतून पाड्यावर आणता येणार नाही का? (आशा कार्यकर्ती, तलासरी तालुका)

सगळ्या सारख्या नाहीत. निवड करावीच लागली तर १८ ते २० आठवड्यांची, बाळातले व्यंग बघण्याची तपासणी सोडू नका. २०२० मध्ये गर्भपाताची सर्वसाधारण कायदेशीर मर्यादा २० आठवडे होती. नाका उघडायची वाट बघण्यात तीन आठवडे गेलेल्या बाईपुढे निर्णयाचा मार्गच उरत नव्हता. २४ सप्टेंबर २०२१ पासून सुधारित कायदा लागू झाला. काही गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवडे झाली आणि बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ त्यापुढेही परवानगी देऊ शकते. तरी तारीख वहीत लाल शाईने लिहून ठेवा. वाढ नीट असलेल्या, तक्रार नसलेल्या बाईची शेवटच्या महिन्यांतली तपासणी आठवडा-दोन आठवडे पुढे गेली तर डॉक्टरांना विचारून चालते. रक्तस्राव, पोटात जोराची कळ किंवा बाळाची हालचाल कमी होणे यात मात्र थांबायचे नाही. तिथे नाकाही ओलांडायचा आणि रात्रही.

मशीनबद्दल : गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी ठरलेल्या जागेसाठी होते. हातात मावणारे यंत्र त्या रुग्णालयातल्या दाखल रुग्णांसाठी किंवा इतरही आरोग्यसेवा देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने नोंदणीच्या नूतनीकरणाच्या आणि अहवालांच्या मुदती ३० जूनपर्यंत पुढे ढकलल्या. लिंग सांगण्यावरची बंदी आणि प्रत्येक गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा ‘एफ’ फॉर्म यांत एका दिवसाचीही सूट नव्हती. तुमच्या पाड्यासाठी मागणी करायची ती अशा नोंदणीकृत फिरत्या पथकाची करा.

एखाद्या गरोदर बाईला धाप लागली आणि छातीचा एक्स-रे सांगितला तर घाबरवू नका. बाळापर्यंत पोचणारा किरणांचा डोस ०.०१ मिलिग्रेच्या (किरणांचा डोस मोजायचे एकक) आत असतो. धोक्याची चर्चा ५० मिलिग्रेच्या वर सुरू होते. आईचा ऑक्सिजन कमी पडणे हा बाळाला त्याहून कितीतरी मोठा धोका आहे.

प्रश्न : एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे असे ऐकले. काही डॉक्टर म्हणतात पाच-दहाच. खरे काय? (चंदगड)

दिल्लीच्या एम्सच्या तेव्हाच्या संचालकांनी ३ मे २०२१ रोजी पहिला आकडा सांगितला आणि रेडिऑलॉजिस्टच्या संघटनेने त्याला हरकत घेतली. फरक गृहीतकांचा आहे. छातीचा एक्स-रे ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणांचा शरीरावरचा परिणाम मोजायचे एकक), नेहमीचा छातीचा सीटी ५ ते ७, कमी डोसचा १ ते २. सातला ०.०२ ने भागा, साडेतीनशे येतात. एकला ०.१ ने भागा, दहा येतात. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. गरजेचा एक सीटी निर्धास्त काढा. स्कोअर उतरला का बघायला दर चार दिवसांनी काढू नका. सेंटरवर ‘लो डोस’ मागायला संकोच नको.

प्रश्न : महाराष्ट्रात एचआरसीटीचे (छातीच्या बारीक कापांच्या सीटीचे) दर बांधले होते, पण सीमेपलीकडे आम्हाला वेगळेच बिल आले. तक्रार कुठे? (सावंतवाडी)

महाराष्ट्राचा सप्टेंबर २०२० चा आदेश महाराष्ट्रातल्या सेंटरपुरता होता : १६ स्लाइसहून (एका फेरीत मशीन घेते तितके काप) कमी मशीनला २,००० रुपये, १६ ते ६४ ला २,५००, त्यावरच्याला ३,०००. त्यात रिपोर्ट, फिल्म, पीपीई किट, निर्जंतुकीकरण आणि जीएसटी सगळे धरलेले होते. पलीकडे त्या राज्याचे नियम लागतात आणि तक्रारही तिथल्याच जिल्हा प्रशासनाकडे करावी लागते. बिलावर मशीन किती स्लाइसचे हे लिहून घ्या; ते नसेल तर दर चुकला हे सिद्धच होत नाही.

प्रश्न : पुढची साथ येण्याआधी सिरोंचासारख्या टोकाच्या तालुक्यात काय करून ठेवावे? (निवृत्त आरोग्य कर्मचारी)

सगळ्यात आधी ऑक्सिजनचे गणित. गडचिरोली तिथून २०० किलोमीटरच्या आसपास. रुग्णवाहिकेतल्या ‘बी’ टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटरने तो पाच तास पुरतो, १० लिटरने अडीच तास. त्यात जाणे, नाका, सीटीची रांग आणि परत येणे, सगळे बसले पाहिजे. दहा लिटरवरच्या रुग्णाला एका सिलिंडरवर सीटीसाठी पाठवणे म्हणजे वाटेत कुठेतरी तो संपणार हे ठाऊक असून पाठवणे. अशा रुग्णाचा एक्स-रे जागेवर काढा, उपचार सुरू करा, आणि हलवायचाच असेल तर भरती करून घेणाऱ्या रुग्णालयातच हलवा. नुसत्या स्कॅनसाठी दोन फेऱ्या नकोत.

मग एक्स-रे. यंत्राचा देखभाल करार चालू आहे का, बॅटरी किती फोटो देते, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना कधी संपतो, हे तीन प्रश्न दर सहा महिन्यांनी वैद्यकीय अधीक्षकांना लेखी विचारा. तंत्रज्ञ एकच असेल तर तो आजारी पडला की यंत्र बंद. शेजारच्या तालुक्यातला बदली माणूस आधी ठरवून ठेवायला हवा. फिल्म कोण वाचणार, किती तासांत, आणि रात्री कोण, हेही आधी ठरवायचे.

शेवटी नाका. गडचिरोली आणि पलीकडचा तेलंगणातला जिल्हा, दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा एक पानी कागद साथीच्या आधी तयार हवा : कोणता पूल तातडीच्या रुग्णांसाठी चोवीस तास उघडा, कोणती चिठ्ठी चालेल, तपासणी कोण करेल, वाद झाला तर फोन कोणाला. तलपाडीला हे ठरले तेव्हा माणसे गेलेली होती. ग्रामसभेत ठराव करून ही मागणी आत्ताच पाठवता येते.

प्रश्न : २०२१ चा सीटी सीडीवर आहे. नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. ठेवावी का? (मिरज)

ठेवा, आणि शक्य तितक्या लवकर उतरवून घ्या. सायबर कॅफेत किंवा बाहेरून जोडायच्या ड्राइव्हवर सीडीतले सगळे फोल्डर जसेच्या तसे पेनड्राइव्हवर घ्या. ‘डायकॉमडीआयआर’ नावाची फाइल सुटू देऊ नका आणि फायलींची नावे बदलू नका. मोफत मिळणाऱ्या डायकॉम व्ह्यूअरमध्ये उघडून शेवटचा काप दिसतो का ते पाहा. पुढे कधी दम लागला आणि नवा सीटी काढला, तर जुने व्रण कोणते आणि नवे कोणते हे सांगायला डॉक्टरांना त्याच कापांशी तुलना करावी लागते. ती कागदी रिपोर्टवरून होत नाही.